एका लिटरात किती कोस?

चकलांब्याच्या माणसाने होडीच्या इंधनावर लिहावे, याचे वाचकांना हसू येईल. आमचे गाव बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले. आम्ही पाणी पाहतो ते बहुधा विहिरीच्या तळाशी. पण २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कोसळला, गोदाकाठच्या गावांत पाणी शिरले आणि माणसे बाहेर काढायला पथकांना होड्या घेऊन यावे लागले. मागच्या फळीला बाहेरून इंजिन अडकवलेल्या या होड्या टीव्हीवर पाहताना घरातले सगळे पाणी पाहत होते. माझे लक्ष मात्र इंधनाच्या कॅनकडे होते.

ही खोड बँकेच्या नोकरीतली. काही वर्षे मी रायगडच्या किनाऱ्यावर होतो. मच्छीमारांच्या कर्जाच्या छापील अर्जात इंजिनाची हॉर्सपॉवर, किंमत, विक्रेत्याचे नाव असे सगळे रकाने असत. एका लिटरात होडी किती अंतर जाते, हा रकाना नव्हता. हप्ता तर त्याच अंतरातून फिटायचा! त्यामानाने आमच्याकडचा शेतकरी हुशार. विहिरीवरचे डिझेल इंजिन किती घोड्यांचे, याचे त्याला कौतुक नसे. लिटरमागे किती वाफे भिजले, हे तो बोटांवर मोजी. होडीलाही हाच हिशेब लावायला हवा: तासाला किती लिटर हा नव्हे, तर लिटरला किती कोस.

इंजिन पूर्ण ताणले तर दहा घोड्यांमागे तासाला साधारण चार लिटर पेट्रोल जाते, असा जुना ठोकताळा आहे. पण ते सगळे अंतरात उतरत नाही. पाणी कापत जाणारी होडी स्वतःच लाट उठवते, आणि वेग वाढला की त्याच लाटेच्या उतारात अडकते. पाण्यालगतची लांबी २४ फूट असेल तर साडेसहा नॉटच्या आसपास ही अडचण सुरू होते. पुढे इंजिन कितीही ओरडो, नाक वर, बूड खाली, आणि पेट्रोल लाटेत. त्या मर्यादेच्या जवळपास लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते. म्हणून १२ सागरी मैल ६ नॉटऐवजी ५ नॉटने गेलात, तर चोवीस मिनिटे जास्त लागतात आणि इंधन सुमारे तीस टक्के कमी. चोवीस मिनिटे! किनाऱ्यावर लिलावाची वाट पाहण्यात याहून जास्त वेळ जातो. अर्थात मासळीला भाव पहिल्या होडीला मिळतो, हे तांडेलाचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटे नाही. पण घाई परतताना असते. जाताना, रिकाम्या खणांनी, कसली शर्यत?

जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१२ साली छोट्या मच्छीमार होड्यांच्या इंधनबचतीवर पुस्तिका काढली. ती ओयविंद गुलब्रांडसेन यांनी लिहिली आहे. त्यातही वेग कमी करण्यावरच मोठा भर आहे. गमतीची गोष्ट अशी, की ओली एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास ज्या आउटबोर्डने बाजार काबीज केला, ते जेमतेम दीड घोड्यांचे होते.

बाकीची गळती छोटी, पण रोजची. बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांची खवली चढली की होडी पाणी ओढत चालते. तळ घासण्याला खर्च येतो तो फक्त अंगमेहनतीचा. पंखा होडीला जुळणारा हवा. पूर्ण वेग दिल्यावर इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल, तर पंख्याचा पेच जास्त आहे आणि इंजिन गुदमरते आहे. जुन्या, कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात तर इंधनाचा पाव भागापर्यंत वाटा न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. फोर-स्ट्रोक महाग आणि जड. वर्षातून चार दिवस होडी काढणाऱ्याने त्यापायी कर्ज काढू नये. रोज समुद्रावर जाणाऱ्याला मात्र बँकांनी जादा घोड्यांसाठी कर्ज देण्यापेक्षा या किमतीतल्या फरकासाठी द्यावे. पेट्रोल शंभरीपार गेल्यावर तरी अर्जाचा तो रकाना बदलायला हरकत नव्हती.

पुराची गोष्ट वेगळी, आणि तिथे ‘हळू चला’ हा उपदेश घातक ठरेल. प्रवाहाविरुद्ध होडी प्रवाहाइतक्याच वेगाने चालवली, तर इंजिन जळत राहते आणि होडी जागच्या जागी. गणित असे सांगते, की पाणी तासाला सहा किलोमीटरने वाहत असेल तर पाण्याच्या तुलनेत नऊच्या आसपासचा वेग सर्वांत काटकसरीचा. शिवाय रबरी होडी हलकी असताना पाण्यावर तरंगत सुटते. माणसे भरली की ती उचलत नाही, नाक वर करून फक्त पाणी ढवळते. त्या मधल्या अवस्थेइतके पेट्रोल दुसरीकडे कुठे जात नाही. अशा वेळी एकतर ओझे पुढे सरकवून होडी सपाट करावी, नाहीतर वेग उतरवावा. जाताना रिकाम्या होडीला लागलेल्या इंधनावरून भरल्या होडीच्या परतीचा अंदाज बांधणे धोक्याचे. तिथे कॅन रिकामा होणे म्हणजे माणसे वाहत जाणे.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. पाच लिटरच्या पारदर्शक कॅनवर खुणा करा, किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणांमधले अंतर घ्या, एकाच वेगाने जाऊन परत या आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढा. एकाच दिशेचा आकडा भरती किंवा नदीची ओढ फसवून जाते. मग वेग थोडा उतरवून हेच पुन्हा करा, आणि दोन्ही आकडे खडूने फळीवर लिहून ठेवा.