राजाश्रय की गुरुऋण?

राजाश्रय लोपला, आता धनिकांवाचून संगीत तगणार नाही, असा विलाप करणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातील औंधाकडे पाहावे. गुरू शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली तेथे संगीतोत्सव आरंभिला. पुढे पुत्र गजाननबुवांनी तो चालविला. १९४८ साली संस्थान विलीन झाले; उत्सव मात्र राहिला! सांगलीनजीक मिरजेतही मीरासाहेबांच्या उरुसात गवई दर्ग्यात गानसेवा रुजू करितात. अब्दुल करीम खाँ तेथेच विसावले आहेत. हे उत्सव भक्तीने व गुरुऋणाने उभे राहिले, थैलीने नव्हे. परंतु ऋण गवयानेच फेडावे आणि श्रोत्याने फुकट मान डोलवावी, हा कोठला न्याय? रसिक म्हणविणाऱ्यांनी आधी आपला वाटा उचलावा. संगीताच्या भवितव्याची चिंता मग वाहावी!