नाव कोणाच्या मालकीचे?

‘द रेड किमोनो’ (१९२५) या हॉलिवूडच्या मूकपटाची चित्रपटाभ्यासक आता आवर्जून दखल घेतात. निर्माती डोरोथी डेव्हनपोर्ट, पटकथाकार डोरोथी आर्झनर, कथालेखिका अ‍ॅडेला रॉजर्स सेंट जॉन्स. तिघी स्त्रियांनी मिळून वेश्याव्यवसायात ओढल्या गेलेल्या एका स्त्रीची बाजू पडद्यावर मांडली. ते धाडस आम्ही नाकारीत नाही. परंतु या कौतुकाच्या भरात एका स्त्रीवर झालेल्या अन्यायाकडे काणाडोळा होतो, तो आम्हांस मान्य नाही.

तिचे नाव गॅब्रिएल डार्ली. लॉस एंजेलिस येथे तिने आपल्या प्रियकराला गोळी घातली. खटला गाजला आणि ती निर्दोष सुटली. तिच्या फिर्यादीनुसार पुढे तिने जुने आयुष्य सोडले, १९१९ मध्ये विवाह केला, प्रतिष्ठेने संसार मांडला. नव्या स्नेह्यांना तिचा पूर्वेतिहास ठाऊक नव्हता. चित्रपटाने तो जगजाहीर केला. नायिकेला तिचेच नाव दिले आणि ही तिचीच सत्यकथा असल्याची जाहिरातही केली.

आमचा प्रश्न साधा आहे. नाव बदलले असते, तर चित्रपटातील करुणा कोठे उणी पडली असती? गोळी, न्यायालय, समाजाची निष्ठुरता, सारे तसेच राहिले असते. घटली असती ती तिकीटविक्री. नावाची किंमत निर्मातीस कळत नव्हती, असेही नाही. दिवंगत नटाची पत्नी म्हणून ‘मिसेस वॉलेस रीड’ याच नावाने ती प्रेक्षकांसमोर येत असे.

खटल्याच्या नोंदी सर्वांना खुल्या असताना नाव का झाकावे, असा बचाव केला जातो. त्यास कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९३१ मध्ये ‘मेल्विन विरुद्ध रीड’ या दाव्यात उत्तर दिले आहे. नोंदींतील घटना कोणीही वापरू शकतो, हे न्यायालयाने मानले. मात्र सन्मार्गाला लागलेल्या व्यक्तीचे खरे नाव अशा जाहिरातीस जुंपणे हा तिच्या सुखाच्या घटनादत्त हक्कावर घाला आहे, असे सांगून तिची फिर्याद ग्राह्य धरली.

आमच्या इंदूरकर वाचकांना हे दूरचे वाटू नये. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. त्याच वर्षी कोहिनूर कंपनीने त्या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. १९२६ मध्ये तुकोजीराव होळकरांनी गादी सोडली. आपल्या घरांतून हळहळ झाली ती बहुधा गादीसाठी. त्या हल्ल्यात जिच्या चेहऱ्यावर वार झाले, ती मुमताज बेगम आपल्या बोलण्यात केवळ एक भानगड होऊन उरली.

‘द रेड किमोनो’ अवश्य दाखवावा, वाखाणावा. परंतु प्रत्येक वेळी १९३१ चा निकालही सांगावा. दयेचा उपदेश करणाऱ्याने, जिच्यावर दया करावयाची तिची संमती आधी घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.