मोतीबिंदूच्या पलीकडे

खानदेशात नेत्रशिबिर म्हणजे मोतीबिंदूचे शिबिर, हे समीकरण गेल्या कित्येक दशकांत पक्के झाले आहे. डोळ्यावर पट्टी बांधून रांगेने बसलेले वृद्ध, त्यांना वाटले जाणारे काळे चष्मे आणि समारोपाच्या भाषणात शस्त्रक्रियांचा आकडा अभिमानाने सांगणारे पाहुणे, हे चित्र जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या कोणत्याही तालुक्यात अपरिचित नाही. या शिबिरांनी असंख्य गोरगरिबांना दृष्टी परत दिली, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु डोळ्याच्या पुढच्या भागातील गढूळ भिंग आपण जेवढ्या उत्साहाने काढतो, तेवढा उत्साह त्याच डोळ्याच्या मागच्या भिंतीकडे पाहण्यात दाखवीत नाही. या उपेक्षेची किंमत आता वाढत चालली आहे.

डोळ्याच्या मागच्या या भिंतीला शास्त्रीय परिभाषेत दृष्टिपटल म्हणतात. बोलीत तो डोळ्याचा पडदा. शरीरातील रक्तवाहिन्या, चाकू न लावता, जिवंत आणि वाहत्या स्थितीत थेट पाहता येतील अशी ही मोक्याची जागा आहे. ती प्रथम स्पष्ट दाखविली हर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने, 1850 मध्ये. कोनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्र शिकविणाऱ्या हेल्महोल्ट्झला डोळ्यात शिरलेला प्रकाश परत कसा येतो, हे विद्यार्थ्यांना समजावून द्यायचे होते. तो प्रकाश आल्या वाटेनेच परततो, आणि पाहणाऱ्याचे डोके नेमके त्या वाटेत येते, ही अडचण त्याने तिरप्या काचेच्या साहाय्याने सोडविली आणि ऑफ्थॅल्मोस्कोप जन्माला आला. वर्गातल्या एका प्रात्यक्षिकाच्या गरजेतून वैद्यकाला एवढे मोठे साधन मिळाले, ही गोष्ट शिक्षकी पेशातील मंडळींनी तरी विसरू नये.

या खिडकीतून डोळ्याच्या रोगांबरोबर साऱ्या देहाची अवस्था दिसते. 1939 मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर या अमेरिकन डॉक्टरांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे केवळ दृष्टिपटलातील बदलांवरून चार गट पाडले. रक्तदाबावर परिणामकारक औषधे नसलेल्या त्या काळात चौथ्या गटातील बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावले. मेंदूतील दाब वाढला की मज्जातंतूचे डोळ्यातील टोक सुजते. हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाला तर पडद्यावर पांढऱ्या मध्याचे रक्ताचे ठिपके उमटू शकतात. सर्वांगात पसरलेल्या क्षयाच्या गाठी आणि मेंदूत शिरलेल्या हिवतापाच्या खुणाही येथे सापडतात. रक्तपुरवठा तुटलेल्या जागी जे मऊ पांढरे डाग दिसतात त्यांना वैद्यकात कापसाच्या बोळ्यांचे नाव मिळाले आहे. कापूस पिकविणाऱ्या या मुलखात ते नाव कोणाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

तथापि आजचा मुख्य प्रश्न मधुमेहाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. केंद्र शासनाच्या 2015 ते 2019 या काळातील पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेही लोकांपैकी 16.9 टक्के लोकांच्या दृष्टिपटलात त्या रोगाने घडविलेले बदल आढळले. म्हणजे साधारण सहांमागे एक. या बदलांचा क्रम ठरलेला आहे. आधी केशवाहिन्यांना सूक्ष्म फुगवटे येतात, मग रक्त आणि मेद झिरपू लागतो, पुढे उपाशी पडलेल्या पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात आणि एखाद्या दिवशी त्या फुटतात. या साऱ्या वाटचालीत, बहुधा अखेरच्या टप्प्यापर्यंत, रुग्णाला ना वेदना होतात ना दिसण्यात काही कमी जाणवते. तो शेतात जातो, दुकानाच्या चोपड्या लिहितो, ट्रॅक्टर चालवितो, आणि ज्या दिवशी धूसर दिसू लागते त्या दिवशी ‘मोतीबिंदू आला असेल’ म्हणून पुढच्या शिबिराची वाट पाहत बसतो. मोतीबिंदूची वाट पाहता येते. काढल्यावर दृष्टी परत येते. पडद्याचे गेलेले मात्र बहुधा परत मिळत नाही.

वेळीच केलेल्या लेसर उपचाराने अशा रुग्णांतील गंभीर दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटते, हे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने 1976 मध्ये सिद्ध केले. योगायोग असा की, त्याच वर्षी भारताने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. त्या वेळी आपल्याकडे मोतीबिंदूचा डोंगर समोर उभा होता आणि कार्यक्रमाने तो आधी उपसायला घेतला, हे रास्तच झाले. 1994 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत जो प्रकल्प राबविला गेला त्यात महाराष्ट्रही होता, आणि तोही मोतीबिंदूचाच. अकराव्या पंचवार्षिक योजनेत दृष्टिपटलाच्या विकारांना कार्यक्रमात स्थान मिळाले. पण कागदावर स्थान मिळणे वेगळे आणि यंत्रणेच्या अंगवळणी पडणे वेगळे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोजता येते, तिचा लक्ष्यांक ठरविता येतो, तिचे छायाचित्र काढता येते. जे अंधत्व आलेच नाही, त्याचा आकडा कोणत्या रकान्यात लिहावयाचा? शासकीय यंत्रणा मोजमापाच्या मागे धावते, आणि मोजमाप बदलल्याशिवाय तिचे पाय दुसरीकडे वळत नाहीत.

तिशी ओलांडलेल्या नागरिकांची रक्तदाब, मधुमेह आणि तीन प्रकारचे कर्करोग यांसाठी गावपातळीवर तपासणी करण्याची योजना आज आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. आशा कार्यकर्ती जे पत्रक भरून घेते त्यात धूसर दिसण्याविषयी प्रश्नही आहे. पण लक्षणच उशिरा येते त्या रोगात लक्षणाविषयी विचारून काय हाती लागणार? साखर वाढलेली आढळताच पडदा पाहिला गेला पाहिजे.

येथे खर्चाचा मुद्दा पुढे केला जातो. शासकीय रुग्णालयातील तपासणीला पैसे फारसे पडत नाहीत, हे मान्य करूनही तिची खरी किंमत विचारात घ्यावी लागते. पडदा नीट पाहण्यासाठी बाहुली विस्फारणारे थेंब घालतात. त्यानंतर तीन-चार तास जवळचे नीट दिसत नाही, उन्हाकडे पाहवत नाही. चोपडा किंवा रावेर तालुक्यातील मजूर जळगावला, अथवा शिरपूर-साक्रीकडचा धुळ्याला गेला, तर त्याला एकट्याने परतणे अवघड होते. सोबत माणूस हवा. दोघांचे एस.टी.चे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी, आणि हे सर्व कशासाठी, तर ज्या डोळ्याने आज व्यवस्थित दिसते त्याच्या तपासणीसाठी. त्या कुटुंबाने ‘पुढे पाहू’ म्हटले तर त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. हातातोंडाशी गाठ असलेल्या घराचा तो चोख हिशेब आहे. हा हिशेब प्रबोधनाच्या फलकांनी बदलणार नाही. तपासणीच गावाजवळ गेली तर बदलेल.

ती नेता येते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत मधुमेही रुग्णांच्या पडद्याची छायाचित्रे स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने घेतली गेली आणि त्याच फोनमधील संगणकीय प्रणालीने, इंटरनेटशिवाय, संशयास्पद डोळे वेगळे काढले. ते काम प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने केले. नेत्रतज्ज्ञाची गरज निवडलेल्या रुग्णांपुरती उरली. अर्थात कॅमेरा म्हणजे उपचार नव्हे. रोग दाखवून रुग्णाला वाऱ्यावर सोडणारी तपासणी न केलेली बरी. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे नवे शासकीय महाविद्यालय यांनी लेसर आणि डोळ्यातील इंजेक्शने यांचा भार उचलण्याची सिद्धता आधी करावयास हवी. या इंजेक्शनांपैकी बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगावरचे औषध महागड्या पर्यायांच्या मानाने फारच स्वस्त पडते आणि पुष्कळ रुग्णांत तितकेच उपयोगी ठरते, हेही खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पश्चिमेकडच्या भागाचा प्रश्न आणखी निराळा आहे. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा आणि त्याला लागून असलेला सातपुड्याचा पट्टा येथील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्या तुंबवितात आणि ऐन तारुण्यात डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत रक्ततपासणीचा मोठा उद्योग चालू आहे. ज्यांच्या हाती रोगाचे निदान असलेले कार्ड पडते त्या तरुणांच्या डोळ्यांची तपासणी त्याच दमात का जोडू नये, याचे समर्पक उत्तर देणे कठीण आहे.

इंग्लंडने 2003 पासून बारा वर्षांवरील प्रत्येक मधुमेही व्यक्तीला पडद्याच्या छायाचित्रासाठी नियमित बोलावणे धाडण्याची पद्धत सुरू केली. कमावत्या वयातील अंधत्वाच्या कारणांत मधुमेहाचा पहिला क्रमांक तेथे किमान पाच दशकांनंतर प्रथमच गेल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील यंत्रणा येथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. मधुमेहींची नावनिशीवार यादी आणि वर्षाला एक बोलावणे एवढे मात्र घेता येईल. प्रारंभ दोन्ही जिल्ह्यांतील एकेका तालुक्यापासून, प्राथमिक आरोग्य केंद्रात, आठवडी बाजाराच्या दिवशी करावा. बाजाराला घरची दोन माणसे तशीही एकत्र येतात. आणि तारखा ठरविणाऱ्यांनी कापूस वेचणीचे महिने तेवढे टाळावेत.