वाईट बातमीचा कैवार

“सकाळी वर्तमानपत्र उघडावे तो पहिल्याच पानावर खून, अपघात, लाचलुचपत आणि दंगे! जगात चांगले असे काही घडतच नाही काय?” असा उद्गार सुशिक्षित घरांतून नित्य ऐकू येतो. पत्रकारांनी चार मंगल वार्ता छापाव्या, म्हणजे समाजाचे मन प्रसन्न राहील, असा उपदेशही त्यास जोडलेला असतो. हा उपदेश दिसावयास निरुपद्रवी खरा. परंतु त्याच्या पोटी एक भ्रम व एक धोका दडलेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम भ्रमाचा विचार करू. वर्तमानपत्राचे माप एका दिवसाचे. त्या मापात जे मावते तेच तेथे दिसते, आणि अनिष्ट हे बहुधा एकाएकी घडते. पूल पडावयास एक क्षण पुरतो, बांधावयास वर्षे लागतात. योहान गाल्टुंग व मारी रूगे या नॉर्वेच्या संशोधकांनी १९६५ साली हेच तत्त्व मांडले होते. नारूचे उदाहरण घ्या. पायविहिरीचे पाणी पिणाऱ्या खेडुताच्या पायातून दोन दोन हात लांबीचा किडा निघे आणि तो बिचारा कित्येक आठवडे अंथरुणास खिळे. पायविहिरी बदलून, पाणी गाळावयास शिकवून, गावोगाव रोगी हुडकून या रोगाचे उच्चाटन करण्यात आले. १९९६ नंतर भारतात त्याचा एकही रोगी आढळला नाही, व २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरविला. केवढा हा विजय! परंतु “आज अमक्या गावी कोणासही नारू झाला नाही” ही बातमी कोणत्या तारखेस छापावी?

बरे, सारा दोष पत्रकाराच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे. हजारो इंग्रजी मथळ्यांवरील प्रयोगांची छाननी करणारे एक संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. मथळ्यात एक अशुभ शब्द वाढला की बातमी उघडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसून आले. रोज भजी मागवावी आणि तेलाच्या नावाने बोटे मोडावी, अशातलाच हा प्रकार!

आता धोका. मंगल वार्तांची मागणी वाचकाने केली तर तो रुचीचा प्रश्न. सत्ताधाऱ्याने केली म्हणजे ती मुस्कटदाबी होते. १९४३ साली बंगालात माणसे अन्नावाचून मरत असता सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीर केलाच नाही. भूक ही हळूहळू मारते; तिलाही तारीख नसते. अखेर २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्राने रस्त्यांवरील अन्नान्नदशेची छायाचित्रे छापली, तेव्हा कोठे तिकडे डोळेझाक करणे सरकारास कठीण झाले. ती चित्रे प्रसन्न खचित नव्हती! सरकारी चौकशी मंडळानेच मृतांचा आकडा सुमारे १५ लाख सांगितला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. स्वतंत्र वृत्तपत्रे असलेल्या लोकशाही देशात मोठा भूकबळी दुष्काळ पडत नाही, हा अमर्त्य सेन यांचा सिद्धांत सुप्रसिद्ध आहे. उलटपक्षी, १९५८ ते १९६१ या काळात चीनमध्ये कोट्यवधी लोक उपासमारीने मेले. आणि त्या आरंभी तेथील पत्रांनी छापल्या त्या विक्रमी पिकांच्या मंगल वार्ता!

सारांश, पत्रे वाईट बातमी छापतात ही आमची तक्रार नव्हे. ती अर्धवट छापतात ही आहे. पूल पडल्याचे दुसऱ्या दिवशी सर्वांस कळते. पण ठेका कोणी दिला, तपासणी कोणी टाळली, चौकशीचे पुढे काय झाले, हे वर्षानंतर कोण सांगतो? आणि नवा पूल शंभर पावसाळे टिकावा म्हणून कोण झटले, हे तरी कोण सांगतो? वाचकांनी मागावयाचे ते हे मागावे. आणि मागितलेले जे पत्र देईल, त्याची वर्गणी भरताना कुरकुर करू नये.