पाटी बदलण्यापूर्वी पत पाहा

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावात दुकानाचे नाव बदलणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. शहरातले गिऱ्हाईक पाटी वाचून दुकानात शिरते, आपल्याकडचे गिऱ्हाईक माणूस ओळखून येते. "चाचाकडूनच गादी भरून आण", असे घरून सांगून पाठवतात. पाटीवर काय लिहिले आहे, हे कित्येकांना ठाऊकही नसते. असे असताना वडिलांचा धंदा मुलाच्या हाती आला की पहिले काम निघते ते पाटी बदलण्याचे. 'न्यू', 'स्टार', 'सुपर' असे शब्द जोडलेला रंगीत फ्लेक्स लागतो, आणि चार महिन्यांनी मालक विचारात पडतो की, एवढा खर्च केला, तरी गल्ला का वाढला नाही? या प्रश्नाचा आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी शांतपणे विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

नाव बदलूच नये, असे आमचे म्हणणे नाही. आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. 1945 साली महंमद हाशम प्रेमजी यांनी जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. नाव होते 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'. 1966 साली त्यांचे निधन झाले आणि एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजी यांच्यावर सारा भार आला. त्यांनी गादीवर बसताच पाटी उतरवली नाही. पुढे व्यवसाय तुपाच्या पलीकडे गेला, तेव्हा 1977 साली जुन्या नावातीलच अक्षरे जोडून 'विप्रो प्रॉडक्ट्स' हे नाव घेतले आणि 1982 साली ते नुसते 'विप्रो' झाले. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत स्थापलेल्या औषध कंपनीचेही असेच झाले. 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' हे लांबलचक नाव 1984 साली अधिकृतपणे 'सिप्ला' झाले. दोन्ही ठिकाणी आधी धंदा उभा राहिला, नाव मागाहून बदलले, आणि बदलतानाही जुन्या नावाची पत सोबत घेतली गेली.

हाच हिशेब आपल्या छोट्या दुकानाला लावून पाहावा. बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी ही आपल्याकडची आडनावे मुळात धंद्याच्या पाट्याच होत. आता पिंजाऱ्याचा मुलगा कापूस पिंजण्याबरोबर सोफा शिवतो, पडदे लावून देतो. त्याने पाटीवर ही नवी कामे लिहिलीच पाहिजेत, नाहीतर गिऱ्हाईक सोफ्यासाठी माजलगावला जाईल. पण ज्या नावाने आजवर गाव ओळखते, ते नाव पुसू नये. नव्या नावाखाली जुने नाव दोन-तीन वर्षे तरी राहू द्यावे. आपल्या भागातील ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. ती बाहेर असताना पाटी बदलली, तर परत आल्यावर त्यांना वाटते, दुकान उठले. म्हणून बदल करायचा तो ती गावात असताना, सांगून करावा.

आता एका नाजूक विषयाकडे वळू. मुसलमानाच्या दुकानातून माल घेऊ नका, अशा हाका अधूनमधून कानी येतात. त्या ऐकून काही बांधवांना वाटते की, आपली ओळख कळू नये असे नाव ठेवावे. त्यांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पोटापाण्याचा प्रश्न आहे. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यपदार्थ विक्रेत्यांना मालकाचे नाव लावण्याचे आदेश निघाले. 22 जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली आणि पदार्थ कोणता हे सांगणे पुरे, नावाची सक्ती नको, असे स्पष्ट केले. नावाची सक्ती करणे अन्यायाचेच आहे. पण सक्ती नसणे वेगळे आणि आपणहून लपणे वेगळे. दुकानाला गावाचे, कामाचे किंवा मालाचे नाव द्यायला काहीच हरकत नाही. 'विप्रो' आणि 'सिप्ला' या नावांतही धर्म नाही, पण मालक कोण हे कोणापासून लपवलेले नव्हते. दिंद्रुडमध्ये तर कोणाचे दुकान कोणाचे, हे लहान पोरालाही माहीत असते. तिथे लपून काय साधणार? उलट जे गिऱ्हाईक तीस वर्षे नाव माहीत असून येत आहे, त्याला वाटेल, याचा आपल्यावर विश्वास राहिला नाही.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना प्रेषितत्व मिळण्यापूर्वीच मक्केचे लोक 'अल-अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणत. हे नाव त्यांनी स्वतः लावून घेतले नव्हते. व्यवहार पाहून लोकांनी दिले होते. धान्याच्या राशीत वरून कोरडा आणि आतून ओला माल ठेवणाऱ्याला त्यांनी खडसावल्याचे हदीसमध्ये आले आहे. वजनात मारणारा, वायदा मोडणारा, उधारीवरून भांडणारा दुकानदार नवी पाटी लावतो, तेव्हा तो ओल्या धान्यावर कोरडे धान्यच पसरतो. प्रसिद्ध मालाच्या नावात एखादे अक्षर फिरवून ते आपल्या दुकानाला लावणेही त्याच जातीचे आहे. ते कायद्यानेही अंगाशी येते.

हे सारे पाहून नाव बदलायचे ठरलेच, तर कागद पक्के करावेत. नाव दुसऱ्याचे नाही ना, हे ट्रेडमार्कच्या नोंदींत आधी तपासावे. स्वतःचा माल पॅक करून विकत असाल तर नाव नोंदवून घ्यावे. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षे चालते. जीएसटी क्रमांक असेल तर नावातील बदल 15 दिवसांत कळवावा लागतो. बँक खाते, उद्यम नोंदणी आणि पैसे घेण्याचा क्यूआर कोड या सर्वांवर एकच नाव असावे. पाटीवर एक नाव आणि मोबाईलवर दुसरेच दिसले की पैसे पाठवणारे गिऱ्हाईक कचरते. शिवाय मार्च 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यात लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. उर्दू ओळ लिहावीशी वाटली तर अवश्य लिहावी, पण हा नियम सांभाळून.

फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत विटतो. वडिलांनी कमावलेली पत मात्र उन्हाने विटत नाही. ती आपल्याच हाताने घालवली तरच जाते. म्हणून बांधवांनो, रंगाऱ्याला बोलावण्याआधी आपला तराजू, आपला वायदा आणि आपली उधारीची वही तपासा. ती साफ असेल तर जे नाव लावाल, त्याला इन्शाअल्लाह बरकत येईल.