बाणकोट ते दाभोळ : तिथी पाहून आखायची सफर

मंडणगड तालुक्याला समुद्र तसा थोडाच लाभला आहे. उत्तरेला सावित्रीच्या मुखावर बाणकोट, मग वेळास, आणि दक्षिणेला भारजेच्या खाडीपाशी साखरी. खाडी ओलांडली की दापोली तालुक्यातले केळशी. तरीही समुद्री कयाकने चार दिवसांची मुक्कामी सफर करायची, तर सुरुवातीला बाणकोटसारखी जागा कोकणात विरळा. तेथून केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कोळथरे करत दाभोळच्या खाडीत शिरणारा मार्ग पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरचा भरतो. सामानाने भरलेली कयाक ताशी पाच किलोमीटर धरली, तरी रोजचे वल्हवणे अडीच तासांत उरकते. अंतराची चिंता येथे नाहीच. खाडीमुखे कोणत्या वेळी ओलांडायची आणि रात्री कुठे टेकायचे, या दोन प्रश्नांवर सगळी आखणी उभी राहते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंचांगात आहे. कोकणातल्या दर्यावर्दींचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. हा अंदाज आहे. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून घ्यावी, पण महिनाभर आधी तारखा निवडताना अंदाजाने भागते. दशमीला निघणाऱ्या गटाला पहिल्या दिवशी सूर्योदयानंतर लगेच, साडेसातच्या सुमारास, भरलेली खाडी मिळते. पुढे भरती रोज पाऊण तासाने सरकते आणि चौथ्या दिवशी, त्रयोदशीला, पावणेदहाला येते. कोळथऱ्याहून सकाळी निघालेला गट साधारण त्याच सुमारास दाभोळच्या मुखाशी पोहोचतो. शिवाय अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटीचा काळ, नुकताच सरलेला असल्याने सुरुवातीला पाण्याला ओढही कमी असते. हीच सफर पौर्णिमेला सुरू केली, तर सकाळी निघताना ओहोटीचे तळाचे पाणी आणि दुपारी उधाणाची भरती, असा उलटा खेळ पदरी पडतो.

खाडीमुखांना एवढे महत्त्व देण्याचे कारण वाळूचे दांडे. सावित्री, भारजा, आंजर्ल्याची जोग आणि दाभोळची वाशिष्ठी या सगळ्यांच्या तोंडाशी ते आहेत. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून लाट आली, की ती दांड्यावर उभी राहून फुटते, आणि भरलेली कयाक तिथे आडवी झाली तर सावरणे कठीण. बाणकोटला हे आधी पाहून घेण्याची उत्तम सोय आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी ओहोटीच्या वेळी किल्ल्यावर जावे. तटावरून समोरचे हरिहरेश्वर आणि मधले मुख दिसते. पाण्यावर पांढऱ्या फेसाच्या रेघा जिथे सलग उमटतात तिथे दांडा, आणि रेघ जिथे तुटते तिथून वाट. दांडे पावसाळ्यागणिक जागा बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या जीपीएस नोंदीवर विसंबू नये. पाहिलेली वाट स्थानिक तांडेलाला विचारून पक्की करावी. मुखाजवळ डोल जाळी कुठे रोवली आहेत, हेही तोच सांगू शकतो.

या मार्गावरचे किल्ले खाडीमुखांवर किंवा बंदरांवर बसलेले आहेत, कारण जहाजांच्या येण्याजाण्यावर नजर ठेवण्याची जागा तीच. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्यांचा हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग घेतला आणि पाठोपाठ बाणकोटचा हिम्मतगडही इंग्रजांच्या हाती गेला. १७५६ च्या तहाने तो त्यांच्याकडेच राहिला आणि ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. सुवर्णदुर्ग २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कयाक पूर्वेकडच्या, म्हणजे हर्णैच्या बाजूच्या दरवाजापाशी लावता येते. पायरीवरचे कासव आणि भिंतीवरचा मारुती पाहून तटावरून फेरी मारायला सकाळ पुरते. मुक्काम मात्र तिथे करता येत नाही. हे संरक्षित स्मारक आहे. दुपारनंतर हर्णै बंदरात मासळीच्या लिलावासाठी बोटींची गर्दी होते, त्याआधी तो पट्टा मागे टाकावा.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवावी. डिसेंबर ते फेब्रुवारीत पहाटे मतलई वारा असतो, समुद्र शांत असतो. दुपारी वायव्येचा खारा वारा जोर धरतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीमागून येतो. तरीही बारापूर्वी किनारा गाठलेला बरा, विशेषतः केळशी सोडल्यावर. उटंबरच्या डोंगराखाली खडकावर आपटून परतणाऱ्या लाटा पाणी ढवळून काढतात आणि उतरायला जागा नसते.

आता मुक्काम. वेळासच्या पुळणीवर तंबू ठोकण्याचा मोह प्रत्येक गटाला होतो. तो आवरलाच पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ, म्हणजे नेमका कयाकचा हंगाम. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावाच्या साथीने येथे संवर्धन सुरू केले आणि जिथे एकेकाळी अंडी खणून नेली जात, त्या किनाऱ्यावर घरटी राखली जाऊ लागली. मादी रात्री भरतीच्या रेषेवर चढून वाळू उकरते. वाटेत तंबू किंवा ओढून ठेवलेली कयाक असली तर ती अंडी न घालताच परतते. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात; हेडलॅम्प किंवा शेकोटी त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे नेते. केळशी, आंजर्ले, कोळथरे, दाभोळ येथेही कासवे येतात. म्हणून या सफरीत तंबू सुरूच्या बनामागे, मालकाला विचारून नारळी-पोफळीच्या वाडीत लावावेत आणि वेळासला घरगुती निवासात उतरावे. विहिरीचे गोडे पाणी, गरम भाकरी आणि समुद्राची ताजी खबर तिथेच मिळते. माणशी रोजचे पाच लिटर पाणी बोटीत असावेच, पण चार दिवसांचे वाहण्याची गरज नाही.

बाकीच्या गोष्टी कागदाच्या. व्यावसायिक आयोजकांना राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी लागते. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे बेकायदा आहे, हे परदेशी पाहुण्यांना आधीच सांगावे. ‘इनकॉइस’ या केंद्र सरकारच्या महासागर माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज रोज पाहावा. प्रवासाचा आराखडा, माणसांची यादी आणि गट कोणत्या वेळेपर्यंत पोहोचला नाही तर शोध सुरू करावा, हे लिहून बाणकोट सागरी पोलीस ठाण्यात द्यावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे क्रमांक प्रत्येक बोटीवर चिकटवलेले हवेत.

सध्या बहुतेक सफरी शनिवार-रविवार जोडून जाहीर होतात आणि भरती कधी, हे निघण्याच्या आदल्या रात्री पाहिले जाते. येत्या हंगामाची पत्रके छापण्यापूर्वी आयोजकांनी हा क्रम बदलावा : आधी तिथी, मग वार. सुट्टी जुळत नसेल, तर सफर पुढच्या दशमीला न्यावी.