हातचा कुठे गेला?

सातवीतल्या मुलापुढे ४०२ वजा १७८ हे गणित ठेवले आणि उत्तर ३७६ आले, तर घरचे म्हणतात, 'लक्षच नाही याचे.' उत्तर जरा निरखून पाहा. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य. चारातून एक, तीन. मुलाने लक्षपूर्वक नियम पाळला आहे. नियम तेवढा चुकीचा आहे. बँकेत तेरीज जुळेना आणि फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, की कुणीतरी अंकांची अदलाबदल केली असावी, हा आमचा पहिला संशय. चुकीवरून तिचा उगम शोधण्याची ही सवय निवृत्तीनंतर मला वस्तीतल्या समाजमंदिरात उपयोगी पडते. तिथे मी आठवड्यातून तीन संध्याकाळी गणितात मागे पडलेल्या मुलांना शिकवतो.

अशी मुले थोडीथोडकी नाहीत. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम तीसएकांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. बाकीची सत्तर पुढच्या वर्षी सहावीत बसतात आणि फळ्यावर अपूर्णांक सुरू होतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन शिकवणी लावतात. तिथेही तेच अपूर्णांक, तोच गृहपाठ. वही भरते, शिकवणीवाल्याचे नाव होते. तिसरीत हुकलेली वजाबाकी मात्र तिथेच.

मराठी मुलाची आणखी एक पंचाईत आहे. 'एकोणसाठ' म्हटले की कानात 'साठ' घुमतो आणि हात ६९ लिहून मोकळा होतो. पैसे काढण्याच्या स्लिपवर अक्षरी एक आणि अंकी भलतेच, असे मोठ्यांचेही मी पुष्कळ पाहिले आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची सोपी रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या, आपण विनोद करत होतो. जोडाक्षरांत अडखळणाऱ्या मुलांचे त्या बोलत होत्या, हे फारच थोड्यांनी ऐकले.

समाजमंदिरात आम्ही खेळातल्या नोटा घेतो. शंभराच्या चार, रुपयाची दोन नाणी. यातून १७८ द्या. मूल अडते आणि स्वतःच म्हणते, 'सुटे करायला पाहिजेत.' शंभराच्या दहा दहा, त्यातल्या एका दहाचे दहा रुपये. हातचा म्हणजे हेच सुटे! पण ते तिथल्या तिथे कागदावर मांडून घ्यावे लागते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडी अचूक हिशेब करणारी ती मुले वहीतल्या साध्या गणितात अडली. शाळेतली मुले बाजारातल्या हिशेबात. एकीकडचे दुसरीकडे आपोआप जात नाही.

यात फार मोठी विद्वत्ता लागते, असेही नाही. 'प्रथम'ने मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत वस्तीतल्याच तरुण मुली 'बालसखी' म्हणून नेमल्या. मागे राहिलेली पंधरा-वीस मुले त्या रोज दोन तास, शाळेच्याच वेळात, वेगळी घेऊन बसत. पुढे नोबेल मिळवणाऱ्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह या उपक्रमाची मोजणी केली, तेव्हा सर्वांत मागच्या मुलांचाच मोठा फायदा झालेला दिसला.

अडचण येते ती अभिमानाची. 'सातवीच्या पोराला तिसरीचे का शिकवता?' असे एका आईने मला सरळ विचारले. तिचे काय चुकले? घटक चाचणी सातवीच्याच पुस्तकावर असते. मी तिला दिवाळीपर्यंतची मुदत मागितली; तिने गणपतीपर्यंत दिली.

शिक्षणहक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली. त्याआधी जादा शिकवणे आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, अशी सोय त्यात आहे. या दोन महिन्यांत पाचवीचेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडणार, की मूल जिथे अडले त्या पानापर्यंत मागे जाणार, हे पालकसभेत कुणीतरी उठून विचारायला हवे. सभा शनिवारी असते. बहुतेक वडिलांना तेव्हा कामावर जायचे असते.